कलमाच्या गाडीला धक्का

आमच्या शिरगावात हायपरकारमधलं सगळं कळणारा मी एकमेव माणूस आहे आणि मला गाडी चालवता येत नाही.

जिल्हा कचेरीत कारकुनी करून मी निवृत्त झालो. माझ्या मालकीचं वाहन म्हणाल तर एक स्कूटर. ती चालू करायची म्हणजे आधी आडवी करायची, मग थोपटायची, मग चार गोड शब्द बोलायचे आणि तरी शेवटी रिक्षा बोलवायची! पण मोबाईल हातात आल्यापासून मी जगातल्या वेगवान गाड्यांच्या चित्रफिती बघायला लागलो आणि पार कामातून गेलो. देवपूजेलासुद्धा डाव्या हातात घंटा आणि उजव्या हातात मोबाईल. (फुलं वाहायला हातच उरायचा नाही. ती सुनंदा वाहायची.)

"एवढं इंजिनातलं कळतंय तर गॅसचा सिलिंडर तेवढा लावून दाखवा," असं सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, अधूनमधून म्हणायची. मी तिच्याकडे दुर्लक्ष करायचो. सिलिंडरला टर्बो नसतो.

तर अशा घरात आमची एकुलती एक लेक मुक्ता एक दिवस पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय. मुलगा साताऱ्याचा आहे. निखिल नाव."

मी बापाला शोभेल असा चेहरा केला. घसा खाकरला. "करतो काय?"

"इंजिनिअर आहे. एका उद्योगपतींकडे त्यांच्या गाड्यांचं काम बघतो. त्यांच्याकडे एक हायब्रीड हायपरकार आहे ना, तिचं सगळं..."

"पत्रिका नको!" मी ओरडलो. "मुलगा पसंत!"

सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मला काही झालं. तसं झालंच होतं म्हणा.

मुक्ताने मग ती गाडी कुठली ते सांगितलं आणि मी खाटेवर बसलो. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या! मी तिच्यावरच्या चित्रफिती इतक्या वेळा पाहिल्या होत्या की आमच्या लग्नाची तारीख विसरेन, पण तिचा टॉर्क विसरणार नाही. (तारीख विसरलोच आहे. त्याचं इथे काही नको.)

पुढचा धक्का महिन्याभराने बसला. मुक्ताचा फोन आला. निखिलचे साहेब ती गाडी घेऊन कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला आले होते आणि परत जाताना आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला उतरणार होते. बरोबर मागून सामानाची व्हॅन घेऊन निखिल आणि त्या व्हॅनमध्ये मुक्ता. होणाऱ्या सासऱ्यांना गाडीचं वेड आहे असं निखिलने साहेबांना भीतभीत सांगितलं आणि ते म्हणाले, थांबू की चहाला.

"बाबा, नीट ऐका," मुक्ता म्हणाली. "गाडीला कोणी म्हणजे कोणीही हात लावायचा नाही. साहेब तसे चांगले आहेत, पण गाडीवर ओरखडा उठला म्हणून आधीच्या इंजिनिअरला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलंय. निखिलने स्वतःच्या जबाबदारीवर गाडी आपल्या दारात आणलीये. त्याची नोकरी गेली तर लग्नाचं नावही काढता यायचं नाही. तुम्ही सांभाळाल ना?"

"अगं, मी असताना गाडीला वारासुद्धा लागणार नाही," मी म्हणालो. शब्द दिला. अगदी देवासमोर उभं राहून दिला, कारण फोनला रेंज तिथेच येते.

आता एवढी बातमी पोटात ठेवायची म्हणजे काय खाऊ आहे? मी फक्त शेजारच्या बंडूदादाला सांगितलं. बंडूदादाची आंब्याची कलमं आहेत, कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, आणि बातमी पसरवण्यात तर नाहीच नाही.

"हायब्रीड म्हणजे रे काय, सदा?" त्याने विचारलं.

मी शास्त्र सोपं करून सांगणारा माणूस. म्हटलं, "तू रायवळाच्या खुंटावर हापूसची काडी बांधतोस ना? तसंच. पेट्रोलचं इंजिन आणि विजेच्या मोटरी, दोघांचं एक झाड."

"म्हणजे कलमाची गाडी!"

"हो. अगदी बरोबर."

"मग खुंट कुठला नि काडी कुठली?"

इथे मी जरा अडखळलो. "खुंट पेट्रोलचा. काडी विजेची."

"उलटं होईल ते," तो विचार करून म्हणाला. "आनि फळ धरायला किती वर्सं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायच्या आधी आमच्या दारात अर्धं शिरगाव जमलं होतं. कलमाची गाडी येणार म्हणून काही बागायतदार तर पार खालच्या आळीतून आले होते. त्यातल्या एकाने तिची रोपं मिळतील का, असंही विचारलं! मी इस्त्रीची पँट घालून पायरीवर उभा राहिलो आणि व्याख्यान सुरू केलं. असा श्रोतृवर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

"मंडळी, पेट्रोलचं इंजिन ताकदवान, पण त्याच्या टर्बोला दम भरायला क्षणभर लागतो. तेवढ्यात विजेची मोटर पुढे होते आणि आवाज न करता गाडी ओढते. मग इंजिन गरजतं आणि लोकांना वाटतं, सगळं काम त्यानंच केलं!"

"आमच्या घरात अशीच व्यवस्था आहे," सुनंदा मागून म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. मी व्याख्यान पुढे रेटलं.

"हलकी चालवायची असेल तर ती नुसत्या विजेवरही चालते. तेव्हा काडीइतकाही आवाज नाही! आणि ब्रेक दाबला की वाया जाणाऱ्या जोराची पुन्हा वीज होते."

"म्हणजे आंबा घाट उतरला की बिल कमी?" बंडूदादाने विचारलं.

"तसंच समज. पण खरी मजा इंजिनाची! ते सुरू झालं की कानात बोटं घाला. कौलं हलतील!"

हे ऐकून बंडूदादा उठला आणि आपली गाभण म्हैस सोडून मागच्या बागेत लांब नेऊन बांधून आला. पलीकडच्या घरातल्या बाळंतिणीनं बाळाच्या कानात कापसाचे बोळे घातले. माझ्या शब्दाला गावात एवढा मान आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग मुक्ताच्या हुकमाची आठवण होऊन मी सगळ्यांना दम भरला. "गाडीला हात लावायचा नाही! माझ्या जावयाची नोकरी आहे ती!"

"आणि नारळ?" सुनंदाने विचारलं. तिच्या हातात सोललेला नारळ, ओवाळणीचं तबक आणि चाकाखाली ठेवायला लिंबं तयार होती. "एवढी गाडी पहिल्यांदा दारात येते आणि नारळ वाढवायचा नाही? अपशकुन मेला!"

"अगं, त्या गाडीचं नाक जमिनीपासून चार बोटांवर असतं. लिंबू चिरडायच्या आधी नाकच अडकेल."

"मग कुंकू तरी?"

"रंगाला डाग पडेल."

"मग मी ओवाळू कोणाला? तुम्हाला?" असं म्हणून तिने तबक ओसरीवर आदळलं.

तेवढ्यात ती आली. काय सांगू तुम्हाला! गडद निळी, रुंद, जमिनीला पोट टेकवून सरकत आल्यासारखी. आमच्या आळीच्या तोंडाशी गतिरोधक आहे (तो इतका उंच आहे की एसटीसुद्धा त्याच्यापुढे देवाचं नाव घेते). तिथे ती थांबली, आपलं नाक आपणच वर उचललं, अलगद पलीकडे उतरली आणि नाक पुन्हा खाली केलं. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू?

दारं वर उघडली आणि साहेब उतरले. साधा पांढरा सदरा, मिशा, आणि कोल्हापूरचा खणखणीत आवाज. "नमस्कार काका! गाव लई झकास हाय तुमचं. सभा हाय काय आज?"

मागच्या व्हॅनमधून मुक्ता उतरली आणि गर्दी बघून तिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो तिच्या आईचाच होता. पाठोपाठ निखिल उतरला. सडपातळ, चष्मा लावलेला, घामेजलेला. सुनंदाने त्याला पाहिलं, तबक उचललं आणि गाडीसाठी काढलेलं सगळं कुंकू त्याच्या कपाळावर लावून त्याला ओवाळून टाकलं. बिचारा गतिरोधकावरच्या गाडीसारखा मान वर करून उभा राहिला.

चहा झाला. सोलकढी झाली. निखिलने माझ्यासाठी गाडीची एकेक करामत उलगडून दाखवली. काळ्या कार्बन फायबरचा सांगाडा, पुढच्या चाकांना वेगवेगळ्या मोटरी, वारा पोटाखालून नेऊन गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारे मार्ग. मी विचारेन त्या प्रश्नाचं त्याच्याकडे उत्तर होतं आणि एकदाही तो "काका, ते तसं नाही" असं म्हणाला नाही. (तसं नव्हतंच बऱ्याच वेळा. नंतर मी तपासलं.) शेवटी त्याने एक बटण दाबलं आणि मागचा पंख दोन दांड्यांवर वर उठला. आडवी काळी फळी, चांगली ऐसपैस.

"ही कशाला वो?" बंडूदादाने विचारलं.

"वेगात गाडी खाली दाबून धरायला आणि ब्रेक लावताना वारा अडवायला," निखिल म्हणाला.

बंडूदादाने मान डोलावली. त्याला पटलं नसावं.

निघायची वेळ झाली आणि साहेब म्हणाले, "काका, बसा. आरे-वारेच्या वळणापातूर एक फेरी मारून आणतो."

त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरण्यासारखं होतं. आधी मी डोकं घातलं, तर पाय बाहेर राहिले. मग पाय घातले, तर डोकं दाराला आपटलं. शेवटी निखिलने मला आडवं धरलं, मुक्ताने दुमडलं, आणि मी आत पडलो. पँटची इस्त्री संपली. पट्ट्यांनी मला असं आवळलं की फक्त मान आणि जीभ हलत होती. तेवढं पुरे होतं, पुढचं सगळं जिभेनंच झालं.

दारं बंद झाली. निखिल आणि मुक्ता हत्यारं आवरायला लांब लावलेल्या व्हॅनकडे गेले. लोक गाडीच्या पुढे कडं करून, कानांत बोटं घालून उभे राहिले. साहेबांनी बटण दाबलं. मी डोळे मिटले. आता गरजणार!

काहीच झालं नाही.

मी एक डोळा उघडला. साहेब कपाळाला आठ्या घालून पुढे बघत होते. गाडी मख्ख. बाहेर सगळं शिरगाव कानात बोटं घालून वाट बघतंय. बंडूदादाने एक बोट काढून कानोसा घेतला आणि परत घातलं. गाडी बंद पडली होती! माझ्या दारात, साहेब आत बसलेले असताना! मघाशी गतिरोधकावर नाक वर-खाली करताना एखादी तार निसटली असणार. आता पोराची नोकरी गेली, मुक्ताचं लग्न गेलं, आणि हे सगळं मला चहा पाजायचा होता म्हणून! खरं सांगतो, त्या क्षणी मला गाडीचं काही राहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त मुक्ताचा चेहरा होता.

आणि अशा वेळी शिरगावचा माणूस जे करेल तेच मी केलं. काच खाली होती. मी मान बाहेर काढली आणि ओरडलो, "बंद पडली रे! मागे या! धक्का मारा!"

एसटी ढकलण्यात आमचं गाव वाकबगार आहे. पुढचं सगळं कडं क्षणात मागे गेलं. आणि बंडूदादाचा आनंदाने चिरकलेला आवाज आला, "अरे, ही बग! धक्का मारायला दांडीच बसवलीय! मला तवाच वाटलेलं!"

आठ-दहा जणांनी तो पंख धरला.

लांबून निखिलची किंकाळी ऐकू आली, "सोडाऽ! सोडाऽ!"

"ओढा म्हणतोय," कोणीतरी म्हणालं.

"अरे, ओढायचं की ढकलायचं?"

"इंजिनिअर हाय तो! ओढा!"

अर्ध्या गावाने ओढायला सुरुवात केली, अर्ध्या गावाने ढकलायला. सुनंदा पायरीवरून "गणपती बाप्पाऽ" म्हणाली आणि दोन्ही पक्षांनी "मोरया" म्हणून जोर लावला.

साहेबांना वाटलं, मी लोकांना बाजूला व्हायला ओरडतोय. गाडीच्या मागचं त्या गाडीतून तसं थोडंच दिसतं. ते केव्हापासून एवढीच वाट बघत होते की पुढची माणसं बाजूला कधी होतात. आता रस्ता मोकळा झालेला बघून त्यांच्या आठ्या गेल्या आणि त्यांनी पाय अलगद दाबला. गाडी आवाज न करता पुढे सरकली. ढकलणारे सगळे तोंडावर आपटले, ओढणारे त्यांच्यावर.

"लागली! लागली!" मी आनंदाने ओरडलो. "साहेब, आता बंद करू नका! क्लच दाबून ठेवा!"

"काय लागली, काका?"

"गाडी!"

"ती मघापासनं चालूच हाय की," साहेब म्हणाले. "गावात आवाज नको म्हणून विजेवर ठेवलीया."

नुसत्या विजेवर. काडीइतकाही आवाज नाही. सकाळी पायरीवर उभं राहून हे वाक्य कोणी सांगितलं होतं, ते मला आठवलं. बंडूदादाने विचारलं असतं तर मी तेव्हा त्याला गतिज ऊर्जेचं सूत्रही सांगितलं असतं.

पुढे गावाबाहेर ते इंजिन जागं झालं. पाठीत कोणीतरी दोन्ही हातांनी रेटा द्यावा तसा मी सीटमध्ये रुतलो. डावीकडे समुद्र होता म्हणतात. मी पाहिला नाही. ज्या आवाजासाठी मी आयुष्यभर कान टवकारले, तो माझ्या पाठीमागे गरजत होता आणि मी मनात म्हणत होतो, देवा, त्या फळीवर ओरखडा नको. एवढं ऐक. पुन्हा मोबाईल उघडणार नाही.

आम्ही परत आलो तेव्हा सगळे रांगेत उभे होते, खरचटलेले आणि हात मागे घेतलेले. साहेब उतरले, वळसा घालून मागे गेले आणि थांबले. काळ्याभोर पंखावर चुन्याची पाच बोटं स्पष्ट उमटली होती. (बंडूदादा पानाशिवाय कुठलंही अवजड काम करत नाही.) चुना पुसून निघाला असता. पण त्याच्या शेजारी एक लांब ओरखडा होता, बंडूदादाच्या हातातल्या कड्याचा.

"हे कुणी केलं?" साहेबांचा आवाज आता खणखणीत नव्हता. तो हळू झाला होता आणि ते जास्त वाईट होतं.

मी कबूल करायला म्हणून उठलो. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. एक पाय बाहेर आला, दुसरा आत अडकला आणि मी तसाच दारात डोकं खाली करून लोंबकळत राहिलो. "साहेब, मी... माझ्या सांगण्यावरून..."

तोच निखिल पुढे आला. कपाळावर सुनंदाने लावलेलं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं. तो म्हणाला, "सर, चूक माझी आहे. गाडी इथे मी आणली. मी जवळ थांबायला हवं होतं. यांना काही बोलू नका." मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "हे माझे सासरे आहेत."

होणारेबिणारे काही नाही. सरळ सासरे! सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. मुक्ता जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. माझेही डोळे भरून आले, आणि लोंबकळत असल्यामुळे ते पाणी कपाळाकडे गेलं.

साहेबांनी निखिलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, म्हणजे वरून खाली.

"निखिल," शेवटी ते म्हणाले, "नोकरीवरनं काढणारच होतो तुला. पण ऱ्हाऊ दे. एका माणसाला दोन-दोन शिक्षा कशाला?"

सगळं गाव हसलं. मीसुद्धा हसलो. एवढा मोठा माणूस, पण मन केवढं! दिवसभर येईल त्याला मी तेच सांगत होतो, की बघा, साहेबांनी पोराला काहीसुद्धा शिक्षा केली नाही.

तिन्हीसांजेला सुनंदाने दिवा लावला, माझ्यापुढे चहा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "अहो, ती पहिली शिक्षा कुठली, ते कळलं का तुम्हाला?"